छावणीतल्या ध्वजसमारंभाला जाताना: साध्या कपड्यातल्या माणसाने काय करायचं

नाशिकरोडला राहणाऱ्याला लष्कर नवीन नसतं. उपनगरहून आर्टिलरी सेंटर रोडला वळलं की हिरव्या गाड्या दिसतात, गांधीनगरवरून हेलिकॉप्टरं घिरट्या घालतात, आणि देवळालीच्या रेंजवर सराव सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरतात. बाहेरगावचा पाहुणा दचकतो, आपण चहा पीत राहतो. पण गेटच्या आत पाऊल टाकलं की ही सगळी ओळख उपयोगाची राहत नाही. कुठे थांबायचं, कधी उठायचं, हात कुठे ठेवायचे, काही सुचत नाही.

माझी फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी देवळालीत एका ओळखीच्या कुटुंबाकडे आम्ही संध्याकाळच्या चहाला गेलो होतो. निघताना मी फोनवर बोलत पुढे चालू लागले. कुठूनतरी बिगुल वाजला. मला वाटलं, सराव असेल. सात-आठ पावलं गेल्यावर लक्षात आलं की रस्त्यावर चालणारी मी एकटीच आहे. बाकी सगळे जागच्या जागी थांबलेले. एक दहा-बारा वर्षांचा मुलगा सायकलवरून उतरून, सायकल अंगाला टेकवून, ताठ उभा होता आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होता. कुणी काही बोललं नाही. त्या मुलाची नजर मात्र अजून आठवते.

नंतर भाच्याच्या पासिंग आउट परेडच्या, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरच्या संचलनाच्या, निमित्ताने हे सगळं नीट विचारून घेतलं, थोडं वाचलं. शेजारच्या निवृत्त सुभेदार काकांनी अंगणात उभं करून सावधान शिकवलं. तेच इथे क्रमाने लिहिते आहे. नाशिकला परेडसाठी येणारे पालक बहुतेक पहिल्यांदाच छावणी बघत असतात, त्यांना उपयोग होईल.

आधी गेट नक्की करा

हे क्षुल्लक वाटेल, पण सकाळी सात वाजता चुकीच्या फाटकाशी उभं राहिलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. आर्टिलरी सेंटर नाशिकरोडला आहे. तिथे तोफखान्याचे रंगरूट, म्हणजे आता अग्निवीर, तयार होतात. स्कूल ऑफ आर्टिलरी देवळालीला आहे. तिथे अधिकारी आणि जवानांचे पुढचे कोर्स चालतात. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण होतं. रिक्षावाल्याला नुसतं ‘मिलिटरीत सोड’ म्हटलं तर तो त्याच्या मनाने सोडेल. निमंत्रणावर गेटचं नाव असतं, तेच सांगा.

मूळ आधार कार्ड जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो नको, कारण मोबाइलच गेटवर जमा करावा लागू शकतो. पिशव्या जितक्या कमी तितकं बरं. गेटवरच्या पहारेकऱ्याशी वाद घालू नका. तो मुलगा तुमच्या मुलाएवढाच असेल, पण त्या जागेपुरता त्याचा शब्द शेवटचा. फोटोचं म्हणाल तर जिथे ‘इथे काढा’ म्हणून सांगतील तिथेच काढायचे. लष्करी ठाणी 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याखाली निषिद्ध जागांमध्ये मोडतात. ड्रोन तर विसराच, लग्नाच्या फोटोग्राफरला सोबत आणलं असेल तरी.

कपडे साधे आणि नीट हवेत. पुरुषांना एक शंका हमखास असते: टोपी काढायची का? आपल्या ध्वजसंहितेत नागरिकाने टोपी काढावी असं कुठेही नाही. आपल्याकडे डोकं झाकणं हाच मान. आजोबांची गांधी टोपी, फेटा, पगडी सगळं डोक्यावरच राहू दे. क्रिकेटची उलटी घातलेली कॅप मात्र मी काढायला सांगेन. हा नियम नव्हे, माझं मत.

उभं कसं राहायचं

भारतीय ध्वजसंहिता 26 जानेवारी 2002 पासून लागू आहे. तिच्यात या बाबतीत मोजकंच लिहिलं आहे: ध्वज चढवताना, उतरवताना किंवा संचलनात समोरून नेला जात असताना हजर असलेल्या सगळ्यांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभं राहावं, आणि गणवेशातल्यांनी रीतीप्रमाणे सलामी द्यावी. नागरिकाच्या वाट्याला यातली फक्त पहिली गोष्ट येते.

तरीही आपण सलाम ठोकतोच. शाळेत पीटीच्या सरांनी शिकवलेलं असतं, हात आपोआप कपाळाशी जातो. काकांनी मला थांबवलं. म्हणाले, “वहिनी, सॅल्यूट वर्दीचा असतो. तुम्ही नुसत्या उभ्या राहा, तेवढं पुरे.” सलामीचीही प्रत्येक दलाची तऱ्हा वेगळी. भूदलात तळवा समोर दिसतो, नौदलात तो खाली झुकलेला असतो, हवाई दलात या दोहोंच्या मधे, साधारण 45 अंशांत. आपण घाईत केलेला सलाम यातल्या कशातच बसत नाही. लहान पोरांनी केला तर करू द्या, त्यांना तिथे दटावू नका. माजी सैनिक साध्या कपड्यांत, पदकं लावून येतात. त्यांच्यातल्या काहींचा हात कपाळाशी जातो, तोही त्यांचा त्यांना ठाऊक.

दुसरी सवय छातीवर हात ठेवायची. ही अमेरिकेतली रीत. तिथल्या कायद्यातच नागरिकाने राष्ट्रगीताच्या वेळी उजवा हात हृदयावर ठेवावा असं आहे, आणि तिथल्या तळांवर संध्याकाळी ध्वज उतरताना गाड्याही थांबतात. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी तिथे जरूर तसं करावं. नाशिकरोडला हात बाजूलाच बरे.

सावधान म्हणजे नेमकं काय, हे काकांनी अंगणात दाखवलं. टाचा जुळलेल्या, चवडे साधारण 30 अंशांत उघडे. मुठी सैल मिटलेल्या, अंगठे पुढे, पँटच्या शिवणीला लागून. साडी असेल तर मांडीच्या बाजूला. हनुवटी सरळ, नजर समोर. श्वास रोखायचा नाही, नाहीतर उन्हात चक्कर येते. गुडघे अगदी कडक ताणायचे नाहीत, थोडे मोकळे ठेवायचे. हे शेवटचं पुस्तकात नसेल, पण तासन्‌तास परेड केलेल्या माणसाचं सांगणं आहे.

ज्यांना उभं राहता येत नाही त्यांनी बसून राहावं. व्हीलचेअरवरच्या आजींना चारचौघांनी धरून उभं करण्याचा प्रकार मी पाहिला आहे. आजींच्या चेहऱ्यावर अभिमानाऐवजी कळ दिसत होती. त्यांनी बसल्या जागी पाठ सरळ करून समोर बघितलं तरी मान राखला जातो. तान्हं बाळ कडेवर असेल तर ते तसंच राहू द्या. रडलं तर रडू द्या.

राष्ट्रगीत

पूर्ण राष्ट्रगीताला साधारण 52 सेकंद लागतात. फक्त पहिल्या आणि शेवटच्या ओळींचं छोटं रूप असतं, त्याला सुमारे 20 सेकंद. काही प्रसंगी छोटं रूप वाजतं. ते ऐकून ‘अरे, अर्धवटच वाजवलं’ असं कुजबुजू नका.

बँड नुसती धून वाजवत असेल तर गाण्याची सक्ती नाही. सगळे गात असतील तर गा, आवाज बेताचा ठेवा. 1986 च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की जो आदराने उभा राहतो, पण गात नाही, त्याने अपमान केला असं होत नाही. शेजारचा ओठ हलवतो की नाही हे बघत बसायचं कारण नाही. मुद्दाम अडथळा आणणं ही मात्र वेगळी गोष्ट. 1971 च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक कायद्याखाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

राष्ट्रगीत संपताच टाळ्या वाजवायचा मोह आवरा. आरतीची सवय आपल्या हातांना असते, इथे ती चालत नाही. परेड पुढे सरकू लागली, जवानांची तुकडी समोरून गेली की मनसोक्त टाळ्या वाजवा. ‘भारत माता की जय’ वगैरे घोषणांसाठीही निवेदक हाक देतो, तोवर थांबा.

बँडवर वाजणारी प्रत्येक धून राष्ट्रगीत नसते. प्रमुख पाहुणे आले की सलामीची स्वतंत्र धून वाजते, त्या वेळी उठायचं की नाही ते निवेदक सांगतो. न ऐकू आलं तर पुढच्या रांगेत गणवेशातल्या अधिकाऱ्यांच्या पत्नी बसलेल्या असतात, त्यांच्याकडे बघा. मी भाच्याच्या परेडला पूर्ण वेळ तेच केलं.

कसम परेड: इथे तोफच निशाण

कसम परेड म्हणजे रंगरुटांची शपथेची परेड. नाशिकच्या समारंभाचं वेगळेपण इथे आहे, आणि बहुतेक पालकांच्या ते डोक्यावरून जातं.

पायदळाच्या पलटणीला स्वतःचं निशाण असतं. तोफखान्याचं तसं नाही. तोफखान्याच्या तोफा हेच त्यांचं निशाण, आणि निशाणाला जो मान, तोच तोफेला. रंगरूट शपथ घेतो तीही तोफेच्या साक्षीने. ‘सर्वत्र इज्जत-ओ-इक़बाल’ हे त्यांचं ब्रीद. 28 सप्टेंबरला तोफखाना आपला दिवस साजरा करतो, कारण 1827 मध्ये त्याच तारखेला 5 बॉम्बे माउंटन बॅटरी ही तोफखान्याची तुकडी उभी राहिली.

याचा आपल्याशी संबंध असा: परेड संपली की मैदानाच्या कडेला किंवा आवारात ठेवलेल्या तोफा दिसतात. पोरं त्यावर चढतात, आई म्हणते ‘बस हं, फोटो काढते’. तेव्हा कुणीतरी धावत येतं आणि जरा कडक आवाजात खाली उतरवतं. आपल्याला वाटतं, लोखंडच तर आहे. त्यांच्यासाठी ते निशाण आहे. नळीला टेकून उभं राहणं, चाकावर पाय ठेवून बुटाची लेस बांधणं, चहाचा कप ठेवायला जागा म्हणून वापरणं, यातलं काहीही करू नका. परवानगी असेल तर बाजूला, एक हात अंतरावर उभं राहून फोटो काढा.

शपथेच्या वेळी तिरंगा आणला जातो, धर्मगुरू आपापले पवित्र ग्रंथ घेऊन येतात. तिरंगा मैदानात आला की प्रेक्षकांनी उठायचं. तो समोरून सरकत असेल तर मान त्याच्यासोबत फिरवायची गरज नाही, उभं राहणं महत्त्वाचं. तो गेल्यावर बसा, पण आपल्या ओळीच्या आधी नको.

‘माझा कुठला, माझा कुठला’ करत उभं राहणाऱ्या पालकांमुळे मागच्यांना काहीच दिसत नाही. सगळ्यांचे केस सारखेच कापलेले, ओळखू येणारच नाही. माझ्या बहिणीने भाच्याला शेवटपर्यंत ओळखलं नाही. तिसऱ्याच एका मुलाकडे बघून ती डोळे पुसत होती. परेडनंतर भेटायला वेळ देतात. पालकांच्या छातीवर गौरव पदकही लावतात. ते लावणारा अधिकारी समोर आला की वाकून पाया पडू नका, तो अवघडतो. हात जोडून नमस्कार पुरे.

संध्याकाळचा बिगुल

माझी फजिती झाली तो हा प्रसंग. जुलै 2022 पासून नागरिकाला स्वतःच्या घरी तिरंगा रात्रंदिवस लावता येतो, तरी लष्करात सूर्यास्ताला बिगुलावर ध्वज उतरवण्याची रीत टिकून आहे. नाशिकला डिसेंबरात ही वेळ सहाच्या आसपास येते, जूनमध्ये सव्वासातपर्यंत लांबते. ध्वज चढतो झपकन आणि उतरतो संथ, हेही संहितेतच आहे. बिगुलाच्या सुराबरोबरच ध्वज खाली येतो, म्हणून सूर संपेपर्यंत थांबायचं.

आवाज आला आणि आसपासचे वर्दीतले थांबले, की तुम्हीही थांबा. ध्वज दिसत असेल तर तिकडे तोंड करा, नसेल तर आवाजाच्या दिशेने. फोन चालू असेल तर खाली घ्या, ‘नंतर करते’ एवढंही बोलायची गरज नाही. हातात पिशवी असेल तर ती खाली टाकायची धडपड नको, धरून उभं राहा. युनिटच्या आत गाडीत असाल तर कडेला घेऊन थांबा, दुचाकी असेल तर इंजिन बंद करून पाय खाली टेका. हे छावणीच्या आतलं. लॅम रोडवर, भगूरच्या एसटीच्या पुढ्यात एकदम ब्रेक मारू नका.

सोसायटीतल्या सवयी गेटबाहेर

15 ऑगस्टला आपल्या सोसायटीत ध्वजस्तंभाला हार असतो, हळदकुंकू असतं, कुणी नारळ फोडतं, कुणी स्तंभाजवळ चप्पल काढतं. प्रेमापोटीच असतं सगळं. छावणीत यातलं काही करायला जाऊ नका. चपला घालूनच उभं राहा, मैदान तापलेलं असतं. उघडताना ध्वजातून फुलांच्या पाकळ्या पडतात, त्याला संहितेची मोकळीक आहे. पण त्या वेचायला गर्दीतून पुढे घुसू नये.

हातात कागदी झेंडे देतात, ते उत्साहाने हलवा, राष्ट्रगीत सुरू झालं की स्थिर धरा. प्लास्टिकचा झेंडा घरून नेऊ नका. तिरंगी रंगाचं काही कमरेखाली नेसू-घालू नका, आणि खऱ्या ध्वजाची ओढणी किंवा शाल करू नका.

ध्वज अर्ध्यावर दिसला तर ‘दोरी अडकली वाटतं’ म्हणू नका, शोक पाळला जात असेल. अर्ध्यावर आणतानाही तो आधी टोकापर्यंत चढवतात, मग खाली घेतात. उतरवतानाही आधी पुन्हा वर.

शवपेटीवरचा तिरंगा

हा भाग लिहिताना हात जड होतो, पण निफाड-सिन्नरकडच्या कितीतरी गावांनी हा दिवस पाहिला आहे. लष्कराचा समारंभ तेव्हा गावातच येतो, आणि गर्दी गावाची असते.

पेटीवर ध्वज घालताना केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असतो. फुलं, पुष्पचक्रं कुठे ठेवायची ते तुकडीतला प्रमुख सांगतो. ध्वजावर वाकून टेकायचं नाही, त्यावर मोबाइल किंवा पिशवी ठेवायची नाही. घरच्यांना मात्र कुणी अडवू नये. आईने पेटीला मिठी मारली तर जवानही नजर वळवून उभे राहतात.

‘अमर रहे’च्या घोषणा गावभर चालतात, त्या चालू द्या. पण ‘शोक शस्त्र’ असा हुकूम येतो, जवान बंदुका उलट्या करतात, बिगुलावर लास्ट पोस्ट ही निरोपाची धून सुरू होते. त्या क्षणी घोषणा थांबल्या पाहिजेत. पुढे उभ्या असलेल्या दोन-चार तरुणांनी आधीच ठरवून मागे हात करून खूण केली की गर्दी शांत होते. हे काम सरपंचाने किंवा तालमीच्या पोरांनी अंगावर घ्यावं. हवेत फैरीही झडतात. लहान मुलांना घट्ट धरा, आणि खाली पडलेली पुंगळी आठवण म्हणून उचलायला धावू नका.

अग्नी देण्याआधी ध्वज काढून घेतात. तो चितेवर जात नाही, खड्ड्यातही उतरत नाही. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडून, वर चक्र दिसेल अशी घडी घालतात आणि पत्नीच्या किंवा आईवडिलांच्या हाती देतात. त्यांना तो उलगडून दाखवायला सांगू नका. घरी नेल्यावर काचेच्या चौकटीत ठेवता येतो.

घरच्या सामान्य अंत्यविधीला, गेलेला माणूस कितीही देशभक्त असला, तरी तिरंगा पांघरायची मुभा नाही. खासगी अंत्यसंस्कारात ध्वजाचा असा वापर संहितेने स्पष्टपणे मना केला आहे. निवृत्त सैनिकाचं निधन झालं असेल तर मनाने ध्वज आणू नका. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा त्यांच्या युनिटला कळवा, काय करायचं ते तिथून सांगतील.

बाहेर पडताना

समारंभ संपला की धावाधाव होते. मोबाइलचं टोकन हातात धरा, खिशात टाकलंत तर गर्दीत सापडणार नाही. खुर्च्यांखाली बघा. पोरांच्या हातून सुटलेले कागदी झेंडे तिथे पडलेले असतात, त्यावरून पाय पडत असतात. जमतील तेवढे उचला, घरी न्या, फाटले असतील तर कचऱ्याच्या डब्यात न टाकता खासगीत, मान राखून त्यांची विल्हेवाट लावा.

भाच्याच्या परेडनंतर आम्ही असे अकरा झेंडे गोळा केले. बारावा उचलायला वाकले तोच मागून कुठेतरी बिगुल वाजला. मी वाकलेलीच थबकले, मग सावकाश सरळ झाले. बहीण दबक्या आवाजात विचारत होती, “आता काय?” पलीकडे दोन जवान निवांतपणे खुर्च्या उचलत होते. बँडवाल्याचा पोऱ्या बिगुल पुसता पुसता फुंकून बघत होता.